लिंबाचा डिंक आणि लातूरचा र

नांदेडला आमच्या घरासमोर कडुलिंब आहे आणि त्याच्या सावलीत माझी गाडी उभी असते. उन्हाळा तापला की त्या झाडाच्या फांद्यांतून डिंक पाझरतो आणि थेंब थेंब बोनेटवर पडतो. वाळला की मधाच्या रंगाचा खडा होतो. शेजारचे निवृत्त मास्तर फिरून येताना थांबतात आणि दर वेळी तेच सांगतात.

"मॅडम, थिनर मारा. एका मिनटात जातंय."

"जातंय खरं, मास्तर," मी म्हणते, "पण काय जातंय ते बघावं लागतं."

मग मी सुती फडकं कोमट पाण्यात भिजवून, पिळून त्या थेंबावर ठेवते आणि पायरीवर बसते. घासत नाही, खरवडत नाही. मास्तरांना वाटतं, बाईला वेळ फार आहे. वेळ नाही मला. पण या कामात वेळच औषध आहे, हे मी एकदा चांगलं शिकले आहे. ते मला कॉलेजात नाही शिकवलं. कॉलेजात शिकलेल्या गोष्टीनं तर मी घोटाळा केला होता.

लातूर जिल्हा तेव्हा नवा झाला होता. कचेऱ्या मिळेल त्या घरात थाटल्या होत्या. एका कचेरीत तर साहेबांच्या खुर्चीमागच्या भिंतीला आधीच्या बिऱ्हाडाच्या चुलीचा काळा पट्टा तसाच होता. कागद जुनेच यायचे. त्यांवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव शाईनं खोडून वर हातानं 'लातूर' लिहिलेलं असायचं. पत्ता लिहिताना लोक 'जिल्हा लातूर' एवढं जरा दाबून लिहायचे. आम्हीही लिहायचो.

पाऊस मात्र त्या वर्षी फिरकलाच नाही. विहिरी आटल्या. गल्लीत टँकर येईल तेव्हा हातातलं टाकून पळायचं. घरात पिण्याचं वेगळं, वापरायचं वेगळं आणि वापरलेलं पुन्हा वापरायचं वेगळं, असं तीन घागरींत पाणी वाटलेलं असायचं.

आप्पा म्हणजे माझे वडील, मूळचे उमरीकडचे. त्यांची बरीच वर्षं अर्धापूरच्या केळीच्या ट्रकवर गेली. नवा जिल्हा झाला तेव्हा ड्रायव्हर पाहिजेत म्हणून कळलं आणि आम्ही बिऱ्हाड उचलून लातूरला आलो. आप्पा एका साहेबांच्या गाडीवर लागले, पण हंगामी. कायम झाले नव्हते. 'कायम' हा शब्द आमच्या घरात देवाच्या नावासारखा घेतला जायचा. आप्पा कायम झाले तर घर एका जागी राहणार होतं, आणि माझं कॉलेज पुरं होणार होतं. नाही झाले तर परत केळीचा ट्रक आणि माझं शिक्षण दुसऱ्या वर्षाला बंद. हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी अजूनही मान वर करून सांगते. त्या वयात मात्र मान जरा जास्तच वर होती. बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलं होतं. घरात मिठाला मीठ म्हणणं मी सोडून दिलं होतं. आई म्हणायची, "तुझं ते नाव घेतल्यानं वरण जास्त गोड लागतंय व्हय?"

साहेबांची गाडी म्हणजे तेव्हा सगळ्याच साहेबांकडे असायची तसली, गोल पाठीची पांढरी मोटार. जुन्या जिल्ह्याकडून आलेली. तिला नव्यानं रंग दिला होता आणि दारावर निळ्या अक्षरांत दोन ओळी लिहून घेतल्या होत्या. खालच्या ओळीत 'जिल्हा लातूर'. आप्पा चौथी शिकलेले. वाचताना अक्षराला अक्षर जोडत. रोज सकाळी गाडी पुसताना त्या ओळीवरून फडकं फिरवायचे आणि हळूच वाचायचे, "जि-ल्हा ला-तू-र." जसं काही रात्रीतून कुणी बदललं असेल.

गाडीला गॅरेज नव्हतं. कचेरीच्या आवारात कडुलिंबाचं मोठं झाड होतं, तेच गॅरेज. आमची खोली आवाराच्या मागच्या बाजूलाच होती. त्या कोरड्या वर्षात झाड असं काही पाझरायला लागलं, की छत, बोनेट, सगळीकडे खडे. आप्पा म्हणायचे, "तहानलेलं झाड हाय. आतलं बाहेर काढून राहिलं." एक मोठा थेंब छताच्या कडेवरून ओघळून दारावर आला होता आणि बरोबर 'लातूर'च्या शेवटच्या अक्षराला टेकून वाळला होता.

एरवी आप्पांनी गाडी धुतली असती. पण साहेबांनी स्वतःच्या सहीनं कागद काढला होता की सरकारी गाड्या धुण्यासाठी पाणी वापरू नये. आप्पांनी तो कागद मला वाचायला लावला होता आणि त्या दिवसापासून गाडी कोरड्या फडक्यानं पुसत होते.

एका शनिवारी दुपारी मी कॉलेजातून आले तर आप्पा गाडीसमोर उकिडवे बसलेले.

"काय झालं?"

"सोमवारी मुंबईहून मोठे लोक येऊन राहिले. दुष्काळाची पाहणी हाय. आपली गाडी सगळ्यात म्होरं. साहेब म्हणले, एवढा दौरा नीट होऊ द्या, मंग तुमचा कागद वर धाडतो."

"कोणता कागद?"

आप्पांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. तो शब्द त्यांनी उच्चारला नाही.

"आन् गाडीची ही गत," ते म्हणाले. "पाणी लावायचं न्हाई. ब्लेडनं खरवडावं तर रंग खरवडंल. बघतो काहीतरी."

मी म्हटलं, "आप्पा, हे माझ्यावर सोडा."

आता वाटतं, तिथं मी एवढंच विचारायला हवं होतं की तुम्ही काय बघणार आहात? त्यांच्या मनात काहीतरी होतं. पण मी विचारलं नाही. मला प्रयोगशाळेतली एक बाटली आठवली होती. काचेच्या भांड्यांवर चिठ्ठ्यांचा चिकटा राहिला की आमचे सर त्यावर अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवायचे आणि चिकटा गायब. मी तशीच उलट्या पावली कॉलेजात गेले. सरांना खरं कारण सांगितलं. त्यांनी औषधाच्या लहान बाटलीत थोडं ओतून दिलं आणि म्हणाले, "रंगावर लावायचंय ना? आधी कुठंतरी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून बघ. मग पुढं जा."

मी "हो सर" म्हटलं. 

आले तेव्हा आप्पा जेवायला बसले होते. मी कापसाचा बोळा भिजवला आणि थेट दारापाशी गेले. कोपरा बघितला नाही. खरं सांगायचं तर आप्पा जेवून उठायच्या आत मला ते चकाचक करून दाखवायचं होतं. मुलगी शिकल्याचा उपयोग झाला, असं त्यांनी म्हणावं, एवढी हौस होती.

बोळा फिरवला. डिंकावर काहीच झालं नाही. मग दाबून फिरवला. हाताखाली काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. बोळा उचलून बघितला तर निळाशार.

डिंकाचा खडा जागच्या जागी होता. लातूरचा र माझ्या कापसावर आला होता.

दारावर आता 'जिल्हा लातू' असं वाचता येत होतं, आणि र होता तिथं पांढरा रंगसुद्धा विटून भाकरीच्या डागासारखा मातकट झाला होता. मी हातातली बाटली खाली ठेवली. आप्पा हात धुऊन, म्हणजे ओल्या फडक्याला पुसून, बाहेर आले. त्यांनी आधी दार बघितलं, मग माझा चेहरा. आणि दार सोडून माझा हात धरला. बोटं उलटीपालटी करून बघितली, वास घेतला.

"भाजलं का?"

"न्हाई."

"डोळ्यात न्हाई ना गेलं?"

"न्हाई आप्पा."

"मंग ठीक हाय." एवढं झाल्यावर ते दाराकडे वळले आणि नेहमीसारखं वाचायला लागले, "जि-ल्हा ला-तू..." आणि थांबले. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "जिल्हा नवाकोरा हाय अजून, आन् तू त्याची शेपटी बी कापलीस?"

मला रडू फुटलं. हसवायला बोलले होते, पण मी रडले. आई आवाज ऐकून आली आणि तिनं दार बघून कपाळाला हात लावला. "सोमवार तोंडावर आन् हे काय करून ठेवलं!" आप्पा म्हणाले, "तू ओरडू नको. एक तांब्या पाणी दे."

"कशातलं?"

"माझ्या आंघोळीतलं."

"उद्याची आंघोळ?"

"उद्या न्हाई करत. म्या काय नवरदेव हाय?"

"साहेबाचा कागद हाय न्हवं, पाणी लावू नका म्हणून?"

"गाडी धुवू नका म्हणलंय. म्या धूत न्हाई, एक थेंब भिजवून राहिलो." मग जरा थांबून, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "इचारलं तर सांगू."

तांब्या त्यांनी चुलीवर ठेवला नाही. आवारात उन्हात ठेवला. त्या उन्हाळ्यात पाणी तापवायला सरपण लागत नव्हतं. ऊन सरकून गाडीवर आलं होतं, ती मात्र ढकलून भिंतीच्या सावलीत घेतली, कारण तापलेल्या पत्र्यावर काही लावलं तर रंगाला बाधतं, असं ते म्हणाले. थोड्या वेळानं पाणी कोमट झालं. जुन्या धोतराचा तुकडा त्यात बुडवून पिळला आणि डिंकावर घडी करून ठेवला. अक्षरांना लागू नये म्हणून कडा दुमडल्या. आणि खाली बसले.

"आता?"

"आता बस."

मी बसले. मग त्यांनी विचारलं, "बाई, एक सांग. हा चीक हाय का डिंक?"

मला प्रश्नच कळला नाही. झाडातून येतं ते एकच, असं माझ्या डोक्यात. कॉलेजच्या पुस्तकातून त्या सगळ्याला मी एकच इंग्रजी नाव उचललं होतं आणि त्यावर समाधानी होते.

"काय फरक हाय?" मी विचारलं.

"फरक न्हाई?" त्यांनी खरंच नवल केलं. "केळीचा काय असतो? चीक. माझे किती सदरे गेले अर्धापुरात? पाण्यानं निघाला कधी? तुझ्या आईनं घासून घासून सदरा फाडला, डाग न्हाई गेला. कैरीचा चीक हाताला लागला की आई काय लावती?"

"तेल."

"हां. चिकाला तेल लागतं. आता बाळंतिणीचे लाडू करताव, ते कशाचे?"

"डिंकाचे."

"तोंडात धरला की काय होतं त्याचं?"

"विरघळतो."

"तोंडात काय तेल असतं व्हय?"

ज्या गोष्टीसाठी मी बाटली घेऊन गावभर पळाले, तिचं उत्तर माझ्या आईच्या लाडवात होतं, आणि त्याच्याही आधी नुसत्या नावात होतं. डिंक म्हटलं की पाणी, चीक म्हटलं की तेल. आमच्या भाषेत कुणीतरी केव्हाच वर्गवारी करून ठेवली होती, मी मात्र ती सोडून आले होते.

"आप्पा, तुम्ही मला आधीच का न्हाई सांगितलं?"

"तू म्हणलीस, माझ्यावर सोडा. म्हणलं, शिकलेली हाय, याहून चांगलं काही असंल हिच्याकडं." हे ते टोमणा मारून नाही म्हणाले. तेच मला जास्त लागलं.

फडकं उचललं तर खड्याची धार गेली होती. वरून मऊ, चोखलेल्या गोळीसारखा. आप्पांनी पुन्हा भिजवून ठेवलं. असं तीन वेळा. चौथ्या वेळी फडक्याबरोबरच डिंक अलगद उचलून आला, खाली रंगाला ओरखडासुद्धा नाही. मग उरलेल्या तांब्यात छतावरचे, बोनेटवरचे सगळे थेंब आम्ही दोघांनी तसेच काढले. एक थेंब, एक घडी. शेवटी कोरड्या कपड्यानं टिपून घेतलं. संध्याकाळपर्यंत गाडी स्वच्छ झाली, फक्त 'लातू' राहिलं.

रविवारी सकाळी आप्पा ती अक्षरं लिहिणाऱ्या पेंटरला घेऊन आले. म्हातारे होते, सगळे त्यांना मामू म्हणत. दार बघून मामूंनी चष्मा वर केला.

"किसने खाया मेरा र?"

आप्पांनी काही म्हणायच्या आत मी म्हटलं, "मी."

"वाह बेटी! कालेज में येच सिकाते क्या? हम जनमभर रंग चढाना सिके, तुमे उतारना सिकाते?"

"मामू, हळू," आप्पा म्हणाले. "लागतं तिच्या मनाला."

"लगनाच होना! लगे बगैर आता क्या कुछ?" पण बोलता बोलता त्यांनी पिशवीतून पॉलिशचा डबा काढून माझ्या हातात दिला. "ले. गोल गोल घुमा. जोर नक्को." मातकट झालेल्या जागी मी मऊ कपड्यानं गोल गोल फिरवत राहिले. हात भरून आला तेव्हा कुठं थोडी चकाकी आली. पूर्ण नाही. मग मामूंनी श्वास रोखला आणि एका दमात र काढला. सुरेख काढला. अडचण एवढीच, की बाकीची अक्षरं उन्हानं फिकी पडली होती आणि हा ताजा, गडद. लांबून 'जिल्हा लातू' आणि मग एकटाच उभा 'र'.

"दिसंल," आप्पा म्हणाले.

"दिखेगा," मामू म्हणाले. "धूप खाने दो, मिल जाएगा सब में."

पण सोमवार उद्यावर होता.

त्या संध्याकाळी आप्पांनी मला बजावलं, "तू उद्या कॉलेजला जायचं. इकडं फिरकायचं न्हाई. साहेबांनी इचारलं तर म्या सांगंन, माझ्या हातून झालं."

"तुम्ही खोटं बोलणार?"

"गाडी माझ्या ताब्यात हाय. तिला काही झालं तर माझ्याच हातून झालं. त्यात खोटं काय?"

सोमवारी मी वही घेऊन निघाले आणि आवाराच्या फाटकाशीच थांबले. साहेब आले. उंच, कमी बोलणारे. गाडीभोवती एक फेरी मारली, छतावरून बोट फिरवलं, बोट बघितलं. मग दाराशी थांबले.

"हे शेवटचं अक्षर वेगळं का दिसतंय?"

"पुसलं गेलं होतं साहेब. नवं काढून घेतलं. माझ्या हातून..."

"त्यांच्या हातून नाही, साहेब," मी म्हटलं. मी केव्हा पुढे आले ते मलाच कळलं नव्हतं. "मी पुसलं."

आप्पांनी डोळे मिटले. साहेब वळले. "तुम्ही कोण?"

"यांची मुलगी. बी.एस्सी.ला आहे. डिंक काढायला अ‍ॅसिटोन लावलं. सरांनी आधी कोपऱ्यात लावून बघ म्हणून सांगितलं होतं, मी बघितलं नाही. डिंक निघाला नाही, रंग निघाला."

"मग डिंक कशानं काढलात?"

हा प्रश्न येईल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आता आप्पा बोलले, हात जोडून नाही, सरळ उभे राहून. "पाण्यानं साहेब. एक तांब्या. आपला कागद मला ठाऊक हाय. माझ्या आंघोळीतलं होतं."

साहेबांनी आप्पांच्या पायांकडे पाहिलं. दोन दिवसांची धूळ होती पायांवर. मग झाडाकडे पाहिलं. वर फांदीला एक ताजा थेंब लोंबत होता, पडू की नको करत.

"एका तांब्यात आख्खी गाडी?"

"थेंब तेवढे भिजवले, साहेब. गाडी न्हाई धुतली."

साहेब दार उघडून आत बसले. गाडी हलली तेव्हा काचेतून फक्त एवढंच ऐकू आलं, "उद्यापासून वरून ताडपत्री बांधत जा." आप्पा म्हणाले, "जी." 'उद्यापासून' एवढ्या एका शब्दावर आईनं आणि मी तो दिवस काढला. उद्यापासून म्हणाले, म्हणजे उद्या गाडीवर आप्पाच असणार.

पुढे बरेच महिने काही आलं नाही. ताडपत्री मी आणि आप्पा मिळून बांधायचो. मी तिसऱ्या वर्षाला गेले. मामू म्हणाले होते तसा तो र उन्हानं हळूहळू फिका होत गेला, बाकीच्यांसारखा.

मग एक दिवस आप्पा दुपारीच घरी आले. हातात कागद. माझ्यापुढे धरला नाही, नेहमीसारखं "वाच" म्हटलं नाही. स्वतःच भिंतीला टेकून बसले. आई चुलीपुढून उठून आली. मी बाजूनं बघत होते, मला पहिल्या ओळीतच 'कायम' शब्द दिसला होता, पण ओठ आवळून धरले.

आप्पांनी अगदी वरपासून सुरुवात केली, छापलेल्या नावापासून. कागद आता नव्या छपाईचा होता, खोडलेलं काही नव्हतं. बोट ठेवून ठेवून वाचत गेले, "जि-ल्हा... ला... तू..."

आणि तिथं थांबून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"र," मी म्हटलं.

"हाय," आप्पा म्हणाले. "हाय जागेवर," आणि खालचं वाचायला लागले.